पोटावरची गाठ : आधी ओळख, मग इलाज



मृगाच्या पावसावर पेरलेली सोयाबीन महिनाभराची झाली, की आमच्या भागात माझ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न येतो. "सायेब, सोयाबीन पिवळी पडली. कोनतं औषध मारू?" मी औषधाचे नाव सांगत नाही. उलट चार प्रश्न विचारतो. पिवळी पडली ती शेंड्याची पाने की खालची? पानाच्या शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या? वावरात पाणी साचते का? पाने उलटून पाहिली का, खाली पांढरी माशी आहे का?

पान पिवळे दिसते ते एकच, पण कारणे अनेक. लोहाची कमतरता असेल तर फेरस सल्फेटची फवारणी लागते. पाणी साचले असेल तर चर काढून द्यावा लागतो. पिवळा मोझॅक असेल तर रोगट झाडे उपटून पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. ओळखल्याशिवाय मारलेल्या औषधात पैसा जातो, वेळ जातो आणि पीकही जाते.

गेली तीस वर्षे हे मी बांधाबांधावर सांगत आलो. पण माझ्याच घरात जेव्हा हा प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा मी तो विचारला नाही. त्याची हकीकत आज तुम्हांला सांगतो. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. परंतु वहिनीच्या आजारात चांगल्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते प्रत्येक घरात माहीत असावे असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

"सोयाबीन निंगू द्या"

आमचे गाव जऊळका. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर. माझे थोरले भाऊ शेती पाहतात. वहिनी घरचे सगळे करून निंदणाला, सोंगणीला बायांच्या पुढे असायची. वय अठ्ठावन्न. कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

२०१८ सालच्या आषाढात तिचे पोट फुगल्यासारखे होऊ लागले. दोन घास खाल्ले की पोट भरे. लुगडे कमरेला आवळू लागले. हातपाय मात्र वाळत चालले. सगळ्यांनी गॅस म्हणून सांगितले. ओवा झाला, सोडा झाला, चूर्ण झाले. कुणी म्हणाले बेंबी सरकली, तर पोट चोळूनही घेतले. मी एकदा म्हटले, "वहिनी, वाशीमला दाखवून येऊ." ती म्हणाली, "भाऊजी, सोयाबीन निंगू द्या, मंग जाऊ." मला ते पटले. शेतकऱ्याच्या घरात दुखणेसुद्धा हंगाम पाहून दाखवायचे असते.

पोळ्याच्या सुमारास निऱ्या खोचताना तिला बेंबीशी काहीतरी टणक लागू लागले. बोराएवढी गाठ. तेव्हा मात्र एका दवाखान्यात नेले. बेंबीचा हर्निया असेल असे सांगून छोटे ऑपरेशन झाले. बाहेर आल्यावर कळले की हर्निया नव्हता, गाठ होती, ती काढून टाकली, चरबी असेल. आम्ही पैसे भरले आणि समाधानाने घरी आलो. काढलेल्या गाठीचे काय केले, हे कुणी विचारले नाही. ती बादलीत गेली.

दसऱ्याच्या आत पोट पुन्हा वाढले. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, पोटात पाणी आहे, टीबीचे असेल. पाणी काढून न तपासता गोळ्या सुरू झाल्या. सोयाबीन निघाली, विकलीही गेली. दिवाळी झाली तेव्हा वहिनीला बसून जेवता येत नव्हते. मग आम्ही तिला नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "बेंबीची गाठ काढली, तिचा रिपोर्ट कुठे आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या वावरातले पिवळे पान हातात घेऊन चार प्रश्न विचारणारा मी, त्या दिवशी मान खाली घालून उभा होतो.

पोटाच्या भिंतीचे थर

वाचकहो, पोटावरची गाठ समजून घ्यायची तर आधी पोटाची भिंत समजली पाहिजे. विहीर खणताना जसे थर लागतात तसेच हे आहे. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पोटाला बाहेरून कातडी, तिच्याखाली चरबी, चरबीखाली स्नायूंचे पट्टे, आणि सर्वांत आत एक पातळ, ओलसर, चकाकणारे अस्तर. या अस्तराला डॉक्टर पेरिटोनियम म्हणतात, मराठीत पर्युदर. ते पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेले असते आणि तेथून वळून आतडी, जठर, यकृत यांच्यावरही पांघरलेले असते. घड्या उलगडून पसरले तर ते जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढे भरेल. त्यात थोडे वंगणासारखे पाणी असते, म्हणून आतडी एकमेकांवर न घासता हलतात.

गाठ यातील कोणत्याही थरात होऊ शकते आणि बाहेरून हाताला सारखीच लागू शकते. म्हणून 'पोटावर गाठ आहे' एवढ्याने काहीच कळत नाही. ती कोणत्या थरात आहे आणि कशाची बनली आहे, हे दोन प्रश्न सुटले पाहिजेत.

वरच्या थरातील गाठी

कातडीपासून सुरुवात करू. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली एक लेख प्रसिद्ध केला. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसून कातडी घासते, तेथे जखम होते, आणि पुढे काही जणांत तिचा कर्करोग होतो, असे त्यांनी दाखवून दिले. जगाच्या वैद्यकात त्याला 'धोतराचा कर्करोग' असेच नाव पडले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत दिली. घट्ट नेसण आणि नाडी यांनी कमरेला घासून झालेली जखम दीड-दोन वर्षे भरली नव्हती. तुकडा तपासला तेव्हा कर्करोग निघाला. एकीचा तर जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. माय-भगिनींनो, नाडी सैल बांधा, रुंद पट्टी लावा, बांधायची जागा बदलत जा. कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही तर हळद-लेपावर वर्ष घालवू नका.

कातडीखाली चरबीची गाठ होते. ती मऊ असते, बोटाखाली सरकते, वर्षानुवर्षे तेवढीच राहते. ती बहुधा निरुपद्रवी. परंतु पटपट वाढणारी, टणक, खोल रुजलेली किंवा लिंबाहून मोठी गाठ चरबीची समजून स्वस्थ बसू नये.

हर्निया म्हणजे भिंतीला पडलेले भोक. खोकले, ओझे उचलले की फुगवटा येतो, आडवे पडले की बहुधा आत जातो. तो अचानक आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर रात्र आहे की पहाट ते पाहू नका, तसेच दवाखाना गाठा. आतडे अडकलेले असते.

सिझेरियनच्या वणाजवळ कधी कधी गाठ होते आणि ती दर महिन्याला पाळीच्या दिवसांत दुखते. गर्भाशयाच्या आतल्या थराचे कण वणात रुजल्याने ती होते. हा कर्करोग नव्हे. डॉक्टरांना 'पाळीतच दुखते' एवढे एक वाक्य सांगितले तरी निदानाचा अर्धा रस्ता सरतो. पण आपल्याकडे बाया नेमके तेच सांगायला लाजतात.

स्नायूंच्या थरात डेस्मॉइड नावाची एक विरळ गाठ होते. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांत, बाळंतपणानंतर किंवा जुन्या वणात ती जास्त दिसते. ती दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण जागच्या जागी मुळे पसरते आणि घाईने कापली तर पुन्हा येते. हरळी आणि लव्हाळा वरवर खुरपून काय होते ते तुम्हांला सांगायला नको. म्हणून आता डॉक्टर पुष्कळदा अशी गाठ ओळख पटवून काही काळ नुसती लक्षात ठेवतात. काही गाठी आपोआप आक्रसतातही. मात्र हे सारे ती डेस्मॉइड आहे हे तुकडा तपासून ठरल्यावरच.

बेंबीची गाठ आणि एक परिचारिका

आता बेंबीकडे येऊ. अमेरिकेतील रॉचेस्टर गावी सेंट मेरीज नावाच्या रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ नावाच्या परिचारिका होत्या. डॉ. विल्यम मेयो या नामांकित सर्जनच्या त्या ऑपरेशनमधील पहिल्या मदतनीस. रोग्याचे पोट ऑपरेशनपूर्वी स्वच्छ करताना त्यांच्या हाताला काहींच्या बेंबीत टणक गाठ लागे, आणि अशा रोग्यांच्या पोटात कर्करोग बराच पसरलेला निघे. हे त्यांनी डॉक्टरांच्या ध्यानात आणून दिले. डॉ. मेयोंनी १९२८ साली त्यावर लिहिले आणि १९४९ साली इंग्लंडचे डॉ. हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला सिस्टर मेरी जोसेफ यांचेच नाव दिले. आजही जगभर डॉक्टर तेच नाव वापरतात.

बेंबीपाशी पोटाची भिंत पातळ असते आणि आतले अस्तर कातडीच्या अगदी जवळ येते. म्हणून आत जे चालले आहे त्याची खूण कधी कधी तेथे वर येते. बेंबीतला प्रत्येक फुगवटा तसा नसतो, बहुतेक वेळा तो साधा हर्नियाच असतो. परंतु प्रौढ माणसाच्या बेंबीत नव्याने आलेली, टणक, आत न जाणारी गाठ सोनोग्राफी केल्याशिवाय कापू देऊ नये, आणि कापलीच तर तपासल्याशिवाय टाकू देऊ नये. वहिनीची गाठ अशीच होती.

अस्तराची गाठ : घरची की बाहेरची?

सर्वांत आतल्या अस्तरावर होणाऱ्या गाठी बहुतेक करून बाहेरून आलेल्या असतात. जठर, मोठे आतडे, स्वादुपिंड किंवा स्त्रियांत बीजकोष यांचा कर्करोग तेथे पसरतो. गाजरगवत शेजारच्या वावरातून वाऱ्याने येऊन आपल्या धुऱ्यावर उगवावे तसे. पण क्वचित अस्तराचा स्वतःचाच कर्करोग होतो. त्याला प्राथमिक, म्हणजे मूळचा, असे म्हणतात. तो विरळ आहे. म्हणूनच तो ओळखायला अवघड आहे, कारण शेजारची सगळी वावरे पाहून तेथे गाजरगवत नाही याची खात्री झाल्याशिवाय 'हे आपल्याच धुऱ्यावरचे' असे म्हणता येत नाही.

त्याचे दोन प्रकार मुख्य. पहिला बहुतांशी स्त्रियांत, आणि तोही साधारणपणे पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब बीजकोषाच्या कर्करोगासारखा दिसतो, पण बीजकोष मात्र जवळजवळ ठीक असतात. यातील पुष्कळ रोग गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होत असावेत, असे आता तज्ज्ञ मानतात. काही घराण्यांत हा दोष आईबापांकडून येतो. त्या घरात स्तनाचा किंवा बीजकोषाचा कर्करोगही दिसतो.

दुसरा प्रकार मेसोथेलिओमा. तो पुरुषांत आणि स्त्रियांत दोघांत होतो. ॲसबेस्टॉसची धूळ छातीत गेल्यावर वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी तो उद्भवू शकतो, जरी पोटातल्या अस्तराच्या पुष्कळ रोग्यांत असा संबंध सापडत नाही. जुने सिमेंटचे पत्रे घरावर किंवा गोठ्यावर आहेत म्हणून घाबरू नका. धोका आहे तो पत्रा कापताना, फोडताना उडणाऱ्या धुळीचा. असे पत्रे फोडू नका, आणि काढायचेच झाले तर पाणी मारून अखंड उतरवा.

यात एक तिसरा खेळाडू आहे, तो म्हणजे टीबी. पोटाच्या अस्तराचा टीबी आपल्या देशात अनोळखी नाही. त्यातही पोटात पाणी होते, वजन घटते, अस्तरावर बारीक दाणे येतात. बाहेरून, सोनोग्राफीत, कधी सीटी स्कॅनमध्येही तो कर्करोगासारखाच दिसतो. सी ए १२५ नावाची रक्ताची तपासणी दोन्हींत वाढलेली येऊ शकते. पण इलाज वेगळा. टीबी औषधांनी बरा होतो. म्हणून अंदाजाने टीबीच्या गोळ्या देऊन कर्करोग वाढू देणे जेवढे वाईट, तेवढेच टीबीला कर्करोग समजून रोग्याला घरी परत पाठवणेही वाईट. दुसरा प्रकारही खेड्यात घडतो. 'आता काही इलाज नाही' म्हणून घरात निजवून ठेवलेला माणूस सहा महिन्यांच्या गोळ्यांनी उठून कामाला लागू शकला असता, असे होऊ नये.

ओळख कशी पटवतात

नागपूरला वहिनीची ओळख कशी पटवली, ते क्रमाने सांगतो. म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर कोणती पायरी कशासाठी आहे हे तुम्हांला समजेल.

आधी हात लावून पाहणे. रोग्याला उताणे निजवून मान उचलायला सांगतात. मान उचलली की पोटाचे स्नायू ताठ होतात. गाठ भिंतीत असेल तर तेव्हाही हाताला लागते, पोटाच्या आत असेल तर स्नायूंआड लपते. दोन क्षणांची, बिनखर्चाची ही तपासणी. पण ती डॉक्टरांनी करायची, आपण घरी करून निर्णय घ्यायचा नाही.

मग सोनोग्राफी. गाठ घन की पाण्याची, भिंतीला भोक आहे का, पोटात पाणी आहे का, हे तिच्यात दिसते. वहिनीच्या पोटात पाणी होते. ते सुईने काढून प्रयोगशाळेत पाठवले. त्यात टीबीची खूण शोधली आणि कर्काच्या पेशी शोधल्या. टीबीची खूण मिळाली नाही, संशयास्पद पेशी मिळाल्या.

त्यानंतर सीटी स्कॅन. त्यात अस्तर जाड झालेले आणि आतड्यांवरचा चरबीचा पदर भाकरीसारखा घट्ट झालेला दिसला. बीजकोष मात्र नेहमीच्या आकाराचे. मग जठर आणि मोठे आतडे दुर्बिणीने पाहिले. तेथे काही नव्हते. म्हणजे शेजारची वावरे पाहून झाली.

शेवटी सोनोग्राफीत पाहत पाहत जाड सुईने त्या पदराचे दोन-तीन बारीक तुकडे घेतले. यालाच बायॉप्सी म्हणतात. हाच खरा निकाल. तुकडा फॉर्मलिन नावाच्या द्रावणात ठेवतात, त्याचा मेणाचा ठोकळा करतात, केसाहून पातळ चकत्या काढून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एवढ्याने उलगडा झाला नाही तर खास रसायनांनी पुन्हा रंगवतात. मेसोथेलिओमा एका रंगाला उत्तर देतो, बीजकोषासारखा कर्करोग दुसऱ्या रंगाला. वहिनीच्या तुकड्याने उत्तर दिले : पोटाच्या अस्तराचा मूळचा कर्करोग, पहिल्या प्रकारचा. आषाढात सुरू झालेल्या दुखण्याचे नाव आम्हांला दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी कळले.

सुईची भीती

तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. आमच्याही घरात तो निघाला. "सुई टोचली की गाठ पसरते." दादा बायॉप्सीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की हा धोका फार थोडा आहे आणि ज्या काही गाठींत तो आहे, त्यांत सुईची वाट आधीच अशी आखतात की पुढे ऑपरेशनमध्ये ती वाटही काढून टाकता यावी. म्हणून जेथे पुढचा इलाज व्हायचा आहे, तेथल्या सल्ल्यानेच तुकडा घ्यावा. ओळख न पटता गाठ अर्धवट कापणे यात धोका कितीतरी मोठा आहे. लोक म्हणतात, "सुई लावली आणि माणूस गेला." माणूस सुईने जात नाही. बहुतेक वेळा सुईपर्यंत पोचायलाच त्याला फार उशीर झालेला असतो.

काढलेला तुकडा ही तुमची ठेव

सातबारा आपण किती जपून ठेवतो! बायॉप्सीचा रिपोर्ट, काचपट्ट्या आणि तो मेणाचा ठोकळा हा रोग्याचा सातबारा समजा. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर ते हाच ठोकळा मागतात, पुन्हा तपासतात, आणि पुष्कळदा रोग्याला दुसऱ्यांदा सुई खावी लागत नाही. तो मागून घेता येतो. मागायला लाजू नका. ऑपरेशनपूर्वीच विचारा, "डॉक्टरसाहेब, काढलेली गाठ तपासायला पाठवणार ना?" एवढ्या एका प्रश्नासाठी वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. वहिनीच्या बेंबीच्या गाठीबाबत मी हा प्रश्न विचारला असता, तर तेच नाव आम्हांला गणपतीच्या दिवसांत कळले असते.

कोठे जावे, खर्चाचे काय

सुरुवात गावातूनच होते. आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, मग वाशीमचे जिल्हा रुग्णालय. वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ साली सुरू झाले आहे. अकोल्याला आणि नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईला टाटा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, योजनेत असलेल्या रुग्णालयांत, बिनपैशाने मिळतात. कर्करोगाचे उपचार त्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत आहे, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो. खासगी सावकाराचे दार ठोठावण्याआधी हे दार ठोठावा.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, पोट वाढून हातपाय वाळणे, हे तीन आठवड्यांवर टिकले तर गॅस म्हणून सोडू नका. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने तर मुळीच नाही.

२. पोटावर किंवा बेंबीत नवी, टणक, वाढती गाठ आली तर चोळू नका, डाग देऊ नका, लेप लावून वाट पाहू नका.

३. गाठ कापण्यापूर्वी सोनोग्राफी झाली का, ते विचारा.

४. काढलेली प्रत्येक गाठ तपासायला पाठवा. रिपोर्ट आणि ठोकळा जपून ठेवा.

५. पोटातले पाणी तपासल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू होत असतील, तर कारण विचारा. मात्र टीबीची खात्री होऊन सुरू झालेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

६. घरात स्तनाचा, बीजकोषाचा किंवा पोटाच्या अस्तराचा कर्करोग झाला असेल तर लेकींनी आणि बहिणींनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

शेवटचे दोन शब्द

वहिनीवर इलाज झाला. आधी तीन वेळा सलाइनमधून औषध, मग मोठे ऑपरेशन, मग पुन्हा तीन वेळा औषध. केस गेले, परत आले. २०१९ च्या पोळ्याला तिने स्वतः बैलांना ओवाळले. नातीचे लग्न पाहिले. तीन वर्षांवर आणखी काही महिने ती आमच्यात राहिली आणि २०२२ च्या श्रावणात गेली. आषाढातच आलो असतो तर ती वाचली असती का, असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "हा रोगच अवघड आहे, तसे सांगता येणार नाही. पण चार महिने आपल्या हातचे गेले, एवढे खरे." ते चार महिने माझ्या मनातून जात नाहीत.

पुढच्याच वर्षी आमच्या शेजारची एक तरुण सून सिझेरियनच्या वणाजवळची गाठ घेऊन रडत आमच्या घरी आली. वहिनीसारखेच झाले, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. माझ्या पत्नीने तिला विचारले, "पाळीत जास्त दुखते का?" तिने मान हलवली. अकोल्याला नेले, तपासणी झाली, तुकडा तपासला. कर्करोग नव्हता. छोट्या ऑपरेशनने ती मोकळी झाली. या खरिपात ती आमच्याच वावरात निंदणाला होती. ओळख पटवल्याने नेहमी वाईटच कळते असे नाही. पुष्कळदा भीतीच निघून जाते.

वहिनीने आजारपणात एकदा मला म्हटले होते, "भाऊजी, तुमी समद्यायले पान घेऊन या म्हनता. मानसायलेही सांगत जा न."

म्हणून सांगतो आहे. यंदा माती परीक्षणासाठी मातीची पिशवी घेऊन याल, तेव्हा घरच्या माणसांकडेही एकदा बघा. कुणी जेवण अर्धे टाकून उठत असेल, कुणी निऱ्या खोचताना कळ दाबत असेल, तर सोयाबीन निघायची वाट पाहू नका. पीक पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते.